चापड्याचं बेट

साल त्र्याहत्तर. मला अठरावं लागलं होतं, आणि ठाण्याला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या वस्तीत लहानथोर सगळे डोक्यावर टोपली पालथी घालून फिरत होते. हसू नका. पाऊस असो, ऊन असो, विहिरीवर जायचं तर टोपली, परसाकडे जायचं तर टोपली, आणि दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या की टोपलीला टोपली लागायची. कारण एका सापाचं होतं, आणि त्या सापाचं खरं काय ते शोधून काढणारा मी. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पुढे मास्तरांशी पटलं नाही. माझं कोणाशीच पटकन पटत नाही. नातू म्हणतो, "आजोबा, मोबाईलमध्ये बोला ना, तोच टाईप करतो." म्हटलं, त्याला चापडा माहीत आहे का? नाही ना? मग मीच लिहितो.

आम्ही बुरूड. आमच्या चार घरांच्या मागे बांबूचं मोठं बेट होतं, जमीन पाटलांची, पण तोडणी आमची. पाटलांना वर्षाच्या कणग्या, सुपं, टोपल्या आम्ही द्यायच्या आणि बेट आम्ही राखायचं, असं माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, आणि थोरल्या पाटलांच्या शब्दावर चालत आलेलं. घर म्हणजे कुडाचं, आणि कूडही आमच्याच बेटाचा. सकाळी जाग यायची ती आप्पांच्या कोयतीने. ओला बांबू चिरताना पहिल्या पेराला ठण्ण वाजतो आणि पुढे सरसर फाटत जातो, तो आवाज ऐकत मी वाढलो. आता वर्तकनगरात राहतो, तिथे शेजारी कोणी लाकूड चिरलं तरी मी अंथरुणात उठून बसतो. मागे बेट वाऱ्याने करकरायचं. चुलीवर आईची पेज रटरटायची, पावसाळ्यात बेटातलेच कोवळे कोंब, आमच्याकडे त्याला वास्ते म्हणत, ते चिरून, पाणी बदलून बदलून कडवटपणा काढून, वालाच्या डाळीत शिजवायची. तव्यावर सुकट भाजली की पलीकडची मांजरंसुद्धा आमच्या ओटीवर हजर. आई जेवायला वाढता वाढता मध्येच सूप विणायची, एका हाताने भाकरी, दुसऱ्या हाताने बांबूची कामटी, आणि तोंडाने आप्पांना बोलणं. आप्पा देशावरचे, कमी बोलणारे. आई सावंतवाडीकडची, तिचं तोंड तिच्या बोटांसारखंच, थांबायचं नाही. कोकणातले शब्द आप्पांना पटायचे नाहीत आणि देशावरचं तिखट आईला. त्यांचं सगळं भांडण ह्या दोनच गोष्टींवर.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझी थोरली बहीण वत्सूआक्का कल्याणला दिली होती. आणि त्याच वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रावर येत होत्या, म्हणजे नव्या सुनांचा ओवसा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्नानंतर अशी गौर आली की नवी सून माहेरच्या सुपांत पानं, फळं, खण भरून गौरीपुढे ओवाळते. सुपं माहेरची लागतात. आता बुरुडाच्या लेकीने सासरी बाजारातली सुपं न्यायची? आप्पांनी लग्नातच व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, "सुपं माझ्या हातची येतील, माझ्या बेटातली." ओवशाची सुपं ओल्या, कोवळ्या हिरव्या बांबूची करायची आमच्याकडे रीत, वाळक्याची नाही. म्हणजे बेटात उतरायलाच हवं होतं.

आणि बेटात साप निघाला.

झालं असं. पाटलांचा गडी गणपत बेटाखालचं गवत कापायला गेला. पाऊस भुरभुरत होता म्हणून डोक्यावर आमचीच एक टोपली घेतली होती. थोड्या वेळाने बोंबलत आला, उजवा हात धरून. तर्जनीच्या पेराखाली दोन टोचे, आणि बघता बघता हात कोपरापर्यंत फुगला, दुधी भोपळ्यासारखा. बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेला. वाचला, पण बरेच दिवस तिथेच होता, आणि ते बोट पुढे कायमचं वाकडं राहिलं. परत आला तेव्हा अख्खी वस्ती त्याच्या खाटेभोवती.

"हिरवागार टोल," गणपत सांगत होता. तो आगरी, त्याचा ळ नेहमी ल आणि ड नेहमी र. "झारावरना उरी मारलीन माझ्या टालूवर. पन टोपली आरवी आली ना! टालू गावली नाय म्हनून बोटाला चावलान."

झालं. हरणटोळ झाडावरून उडी मारतो आणि माणसाची टाळू फोडतो, हे तर सगळ्यांनी आजी-पणजीकडून ऐकलेलं. आता पुरावाच मिळाला. टोपलीने गणपतचा जीव वाचवला! दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर टोपल्यांसाठी ही गर्दी. बाळंतिणीने पोराच्या पाळण्यावर टोपली बांधली. भटजी पूजेला आले ते टोपली घालून. आप्पांनीसुद्धा एक घातली. मीही घातली, खोटं कशाला सांगू.

पण थोरल्यांनंतर जमीन ज्यांच्याकडे आली ते धाकटे पाटील घाबरले ते वेगळ्याच कारणाने. त्यांचा नातू त्या बेटाच्या वाटेने खेळायला जायचा. ते ओटीवर येऊन उभे राहिले, टोपली डोळ्यांपर्यंत ओढलेली.

"बुरूडदादा, तुझा-माझा काही वाकडा नाय. पन गोकुळाष्टमीपर्यंत त्यो टोल गेला नाय, तर मी बेट मुळासकट खनून काढनार. मानसं लावतो."

आप्पांनी कोयती खाली ठेवली, तेवढंच. मला कळलं की बेट गेलं की आम्ही गेलो. सुपांचं सोडा, आम्हाला ठाण्यात राहायचंच कारण उरलं नसतं. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत, आणि आईने सूप हातात घेतलं नाही.

मला एकच गोष्ट खुपत होती. सकाळी गणपतकडे गेलो. म्हटलं, "गणपतदा, चावला तेव्हा हात कुठे होता?"

"हात कुठं आसनार? बांबू धरलेला, तोल जाईल म्हनून."

"किती उंचीवर?"

त्याने डावा हात कमरेजवळ आणला.

"मग वरून उडी मारली तर कमरेजवळच्या हाताला कसा चावला?"

"तू मला शिकवतोस रं, नाम्या? टोपलीवरना घसरला आसंल!"

मी टोपली त्याच्या खाटेवर ठेवली आणि बेटाकडे गेलो. घरच्यांना न सांगता. बांबूच्या आत बघायचं म्हणजे सरावाची नजर लागते, सगळं हिरवं, त्यात हिरवं शोधायचं. खूप वेळ काही दिसलं नाही. मग एका कलत्या बांबूच्या पेराशी, अगदी माझ्या कमरेच्या उंचीवर, एक गाठ दिसली जी बांबूची नव्हती. वेटोळं घालून बसलेली. अंग नव्या कोंबाच्या रंगाचं, पोटाच्या कडेला पिवळट रेघ, मान बारीक, आणि डोकं शिंगाड्यासारखं तीन कोनांचं. शेपूट बांबूला वेलीसारखं गुंडाळलेलं. डोळा सोनेरी, आत मांजरासारखी उभी चीर.

आता हरणटोळ मी लहानपणापासून बघत आलोय. तो चाबकाच्या दोरीसारखा लांब, सडपातळ, तोंड टोकदार, आणि भारी चपळ. हा तर जाड, आखूड, सुस्त. हा टोळ नव्हेच! घरी येऊन चुलीपाशी आईला वर्णन सांगितलं. तिने उलथनं हवेत तसंच धरलं.

"तो टोळ न्हय रे. चापडो तो! आमच्याकडे काजीच्या झाडात बसता, मेसाच्या बेटात बसता. जाग्यावरसून हलूचो नाय. अंडी घालीत नाय, पिल्लांच घालता. उडी कसली मारता, मेल्या, तेका बसल्या जाग्यावर जेवण व्हया!"

ओटीवरून आप्पा म्हणाले, "कोकणात सगळंच निराळं. हिरवा साप म्हणजे टोळ."

"तुमका हिरवो तितको टोळ!" आई म्हणाली. "भाजी पण हिरवीच असता, ती पण टोळ?"

मला आईचा शब्द पटला आणि त्याच क्षणी ठरवलं की हे मी सिद्ध करणार. हट्टी म्हणतात मला. असू दे. त्या दिवसापासून रोज कामटी घेऊन बेटाच्या कडेला, बांबूभर अंतरावर, मी सूप विणत बसायला लागलो, उघड्या डोक्याने. वस्ती म्हणाली, बुरुडाच्या पोराचं डोकं फिरलं. फिरू दे.

जे पाहिलं ते सांगतो. आईचा 'तो' माझ्या डोळ्यांना मादी वाटली, पोट तसं होतं, म्हणून मी 'ती' म्हणतो. दिवसभर ती हलायची नाही. पाऊस आला की तिच्या वेटोळ्यांच्या खाचांत पाणी साचायचं आणि ती तोंड जरा वळवून स्वतःच्याच अंगावरचं पाणी प्यायची. मी असं पाणी पिताना कुठलं जनावर पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला सैल व्हायची, थोडी खाली सरकायची, डोकं जमिनीकडे, मान मागे घेतलेली, आकड्यासारखी. आणि वाट बघायची. एका संध्याकाळी बेडूक आला. मला फक्त एवढंच कळलं की बेडूक तिच्या तोंडात आहे. आणि धरलेलं सोडलं नाही. मला वाटलं, बरोबर आहे, झाडावर राहणाऱ्याने घास खाली पाडला तर तो परत कोण आणून देणार? उडी तिने एकदाही मारली नाही. बाया टोपल्या घालून वाटेने जायच्या, वरच्या फांद्यांकडे बघत, आणि ती बसलेली त्यांच्या कमरेजवळ! त्या वर बघायच्या, ती खाली बघायची. सगळे डोकं झाकत होते आणि उघडा हात बेटात घालत होते.

आणि एक गोष्ट. डोळा आणि नाकपुडी ह्यांच्यामध्ये तिला आणखी एक भोक होतं. दोन्ही बाजूंना. मी घरी सांगितलं की तिला चार नाकपुड्या आहेत. आप्पा हसले. बेट जाणार म्हणून कितीतरी दिवस न हसलेला माणूस हसला, म्हणून मी राग धरला नाही. पण भोक कशाला ते मला किटलीने दाखवलं. आई चहा किटलीत घालून द्यायची. मुंग्या लागतात म्हणून मी ती एका लांब काठीच्या टोकाला अडकवून बेटाला टेकवून ठेवली. वाकून बघतो तर चापडीचं डोकं किटलीकडे वळलेलं. मी काठी हळूच सरकवली, डोकं मागोमाग. चहा प्यायचा राहिला, गार झाला. मग किटली परत तिथेच नेली तर तिने ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलीतला गरम धोंडा फडक्यात बांधून नेला. पुन्हा डोकं वळलं. ओल्या बांबूची काठी तिच्या शेजारी नेली, तर जशी ती फांदीच.

मी धावत घरी. "आप्पा! तिला ऊब दिसते! बेडूक हलला म्हणून धरला, पण उंदीर ऊबेवरूनच धरत असणार. गणपतचा हात ऊबदार, म्हणून चावली. टोपलीचा काही संबंध नाही!"

आप्पा सुरी परजत होते. पातं अंगठ्यावर बघत म्हणाले, "किटलीला चावली नाही ना?"

"नाही."

"मग तुझ्या आईचा चहा गार असतो हे खरं."

आईने पाटाखालून कामटी फेकून मारली. पण आप्पांनी सुरी बाजूला ठेवली होती आणि ते माझ्याकडे बघत होते, आणि तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं.

आता नातू मोबाईलवर तोच साप दाखवतो, इंग्रजी नाव सांगतो आणि म्हणतो, "आजोबा, ह्याला हीट सेन्सर असतो." मी म्हणतो, माहीत आहे. "कोणी सांगितलं?" किटलीने.

अष्टमीच्या आदल्या दिवशी मी पाटलांच्या अंगणात गेलो. माणसं कुदळी घेऊन बसलेली. म्हटलं, "पाटीलबाबा, कुदळी ठेवा. साप मी नेतो. उद्या सकाळी. मारणार नाही, उचलून नेणार."

"येरा झालास काय रं?"

"वेडा म्हणा. पण नेला तर बेटाला हात लावायचा नाही."

"आनि चावला तर?"

"तर आमच्याकडे सूप विणणारा एक कमी होईल."

सगळे हसले. पाटील हसले नाहीत. म्हणाले, "नेलास तर माझ्या हयातीत बेटाला कुदळ लागनार नाय."

सकाळी पाऊस पडून गेलेला, हवा गार. मी एक लांब, हलका, नुकता तोडलेला बांबू ओढ्यात भिजवून ठेवला होता, टोकाला दोन फांद्या तशाच राखलेल्या. हातांना ओलं गोणपाट गुंडाळलं, बोटांपासून कोपरापर्यंत, ऊब झाकायला. वस्ती वाटेच्या दोन्ही बाजूंना, टोपल्यांची रांगच. मध्ये पाटील, मध्ये गणपत वाकड्या बोटाचा. आप्पा माझ्या मागे, त्यांच्याही डोक्यावर टोपली. उघड्या डोक्याची माणसं दोनच, मी आणि आई.

"पोरा, टोपली घाल रं!" पाटील ओरडले.

"डोक्याकडे नका बघू, पाटीलबाबा, हाताकडे बघा!"

बांबूचं टोक मी तिच्या वेटोळ्याखाली सरकवलं. तिने काही केलं नाही, फांदीच होती ती तिच्या लेखी. हळूच उचललं. अंग आलं, पण शेपूट जुन्या बांबूला धरून. मी ओढलं नाही. थांबलो. लोकांना वाटतं हट्टी माणूस धसमुसळा असतो. उलट, हट्टी माणसालाच थांबता येतं. बांबूचं बूड मांडीला टेकवलं आणि तसाच उभा राहिलो. मग शेपटीचा एक वेढा सुटला, मग दुसरा, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या बांबूवर. जड होती ती, वाटली त्याहून.

मी चालू लागलो. बांबू पुढे, टोकाला हिरवी गाठ, आणि समोरच्या टोपल्या फाकत गेल्या. वाटेच्या मध्यावर काय झालं कोण जाणे, ती सैल झाली, आणि डोकं माझ्याकडे करून बांबूवरून खाली सरकायला लागली. लोक किंचाळले. गणपत पळताना गटारात पडला. मी दोन पावलं मागे सरलो, हे लिहायला मला लाज नाही. तेवढ्यात आईचा आवाज, सगळ्यांच्या वरचा:

"नाम्या, टोक वर कर! वर कर, ती वरच चढतली!"

मी टोक आभाळाकडे केलं. चापडी थांबली. मान उचलली, इकडेतिकडे केली, आणि वळून वर चढायला लागली, टोकापर्यंत, आणि तिथल्या फांद्यांत बसली, जशी ती तिथेच जन्मली होती. मग मी तिला निशाणासारखी उभी धरून नेली. पाटलांच्या अंगणावरून नेली, मुद्दाम. ओढा ओलांडला, जंगलातल्या बेटाला बांबू टेकवला आणि मागे झालो. बऱ्याच वेळाने तिने पलीकडची फांदी धरली आणि हिरव्यात हिरवी होऊन गेली. पुढे काही दिवसांनी मी तिथे पिल्लं पाहिली, बोटभर, कामटीएवढी बारीक, प्रत्येक आपापल्या फांदीवर आईसारखी मान मागे घेऊन. अंडी नाहीच, पिल्लंच. आईचं तेही खरं निघालं, आणि ते आप्पांना सांगायला मी वाटेत कुठे थांबलोसुद्धा नाही.

आता असं कोणी करू नका. आता सापवाल्यांना फोन केला की येतात, ते शिकलेले असतात, कायदाही आहे. पण तेव्हा फोन नव्हता, मी होतो.

परत आलो तर पाटील माझी वाट बघत उभे. त्यांनी डोक्यावरची टोपली काढली आणि माझ्या हातात दिली. मागून एकेकाने काढल्या. आमच्या ओटीवर टोपल्यांचा ढीग झाला. गणपत तेवढा म्हणाला, "पन माझी टालू टोपलीनंच वाचवली." म्हटलं, "वाचवली, गणपतदा." त्याचं बोट वाकडं झालं होतं, त्याला तेवढं असू दे.

आईने त्या दिवशी वास्ते केले, आणि नारळ घातलेली खीर. आप्पा पोटभर जेवले आणि हात धुता धुता म्हणाले, "चापडा." एवढंच. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी तिच्या माहेरचा पहिला शब्द तोंडात घेतला होता. आईने पदर तोंडाला लावला आणि मांजराला उगाचच हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी टोपली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. गोणपाटाचे चार तुकडे ओले केले, दोन माझ्या हातांना बांधले, दोन त्यांच्या हातांना मी. असे आम्ही दोघे उघड्या डोक्यांनी बेटात उतरलो. वत्सूआक्काच्या सुपांसाठी कोवळा बांबू त्यांनी निवडला. दर हंगामाचा पहिला घाव नेहमी त्यांचा असायचा. त्यांनी कोयती उचलली, मूठ माझ्याकडे केली आणि बाजूला सरकले. मी आधी पेरापेरावर नजर फिरवली, वरपासून कमरेपर्यंत आणि कमरेपासून मुळापर्यंत, आणि मग घाव घातला.